गायरानावरची राजधानी

सेमिनारचे विषय वाटले त्या दिवशी मी वर्गात वेळेवर पोचले नाही. सोमवारची जीप करंजी घाटाच्या अलीकडे पंक्चर झाली, आणि मी नगरला कॉलेजात शिरले तेव्हा तास संपत आला होता. फळ्यावरचे सगळे विषय कोणी ना कोणी घेतले होते. शिवकाल, पेशवाई, स्वातंत्र्यलढा, सगळ्यांपुढे नावं होती. तळाला एकच ओळ मोकळी होती : प्राचीन जपानच्या राज्यकर्त्यांनी मजबूत केंद्रीय सत्ता कशी उभारली.

"हे तू घे," सर म्हणाले. पंगत उठल्यावर आलेल्या माणसाला उरलेलं वाढावं, तसं त्यांनी ते मला वाढलं.

मला नाही म्हणता आलं नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. अभ्यासातलं काही अडलं तर घरात विचारायला कोणी नाही, पण मला अभ्यासाबद्दल विचारणारे पुष्कळ आहेत. जपान मिळालं हे कळल्यावर माझ्या थोरल्या चुलत्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिकडं जावं लागन का?"

लायब्ररीतलं पुस्तक घेऊन मी सुट्टीत गावी आले. ते चैत्राचे दिवस होते, ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या होत्या आणि गाव भरलं होतं. पुस्तकाची पहिली काही पानं मला जड गेली. नंतर मात्र मला शंका येऊ लागली की हे सगळं मी कुठेतरी पाहिलेलं आहे.

त्या काळी जपानात एक राज्य असं नव्हतंच. मोठमोठी घराणी होती. प्रत्येक घराण्याची आपली जमीन, आपली माणसं, आपला देव आणि आपला मूळपुरुष. कामंही वाटलेली. एका घराण्याकडे देवाची पूजा, एकाकडे शस्त्रं, एकाकडे राजाच्या दारावरचा पहारा. बापाचं काम मुलाकडे जायचं. मधोमध यामातोचा राजा होता. तो सगळ्यांत मोठा खरा, पण इतरांना विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नसे.

मी हे चुलीपुढे बसून आईला सांगत होते. आई भाकरी थापत होती.

"म्हंजी आपल्या आमटीसारखं," आई म्हणाली.

ते अगदी आमच्या आमटीसारखंच होतं. आमच्या गावात दर चैत्रात सप्ताह असतो आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की सगळ्या गावाची एक पंगत बसते. गावाच्या दोन वस्त्या आहेत, वरची आणि खालची. मध्ये ओढा आहे, त्यात पाणी असलं तर ती बातमी असते. काल्याच्या दिवशी आमटी वरच्या वस्तीने करायची आणि वाढायची. घरोघरच्या भाकरी गोळा करायच्या आणि वाढायच्या त्या खालच्या वस्तीने. हे कोणी ठरवलं ते कोणाला माहीत नाही, पण वरच्या वस्तीच्या माणसाने भाकरीच्या पाटीला हात लावला तर खालच्या वस्तीला ते चालत नाही.

मागच्या वर्षी पंगत खालच्या वस्तीतल्या देवळापुढे बसली होती. पहिल्या पंगतीला जागा खालच्या वस्तीने धरली. वरच्या वस्तीची माणसं आमटीच्या बादल्या घेऊन वाढत राहिली आणि त्यांची पोरं शेवटच्या पंगतीला बसली, तोवर भाकरी संपत आल्या होत्या. मग शब्दाला शब्द लागला. यंदा वरच्या वस्तीने सांगून टाकलं की आमचा काला आमच्याकडे, आमचं आम्ही बघू. त्यावर खालच्या वस्तीने सांगितलं, बघा. आता एकीकडे नुसती आमटी होणार होती आणि दुसरीकडे नुसत्या भाकरी, पण ते बोलून दाखवायची कोणाची तयारी नव्हती.

माझी आई वरच्या वस्तीची. तिला खालच्या वस्तीत दिली. ओढा ओलांडला की तिचं माहेर. वरच्या वस्तीच्या आमटीचा कारभार माझ्या सख्ख्या मामांकडे आणि खालच्या वस्तीच्या भाकरीचा माझ्या थोरल्या चुलत्यांकडे. वडील दोघांच्या मध्ये सापडलेले. कोणीही बोललं की ते मान हलवायचे, आणि मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे कोणालाच सांगता येत नसे.

आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "तुझ्या त्या राजानं काय केलं मंग?"

मी पान चाळून सांगितलं की पहिल्यांदा राजांनी मोठ्या घराण्यांशी सोयरिकी केल्या. त्यांच्या मुली राजवाड्यात आल्या.

"आणि त्या घराण्याचं राजाशी वाकडं आलं म्हंजी?"

"यायचं. लढायासुद्धा व्हायच्या."

"मंग त्या पोरी कुठं बसायच्या?"

पुस्तकात ते नव्हतं. मी शेवटची सूचीसुद्धा पाहिली. आई म्हणाली, "दोन पंगती झाल्यावर मी कुठं बसायचं, त्ये तरी लिवलंय का कुठं?" ती हसत म्हणाली, पण पुढची भाकरी तिने जरा जोरात थापली. इकडे बसली तर भावाकडे पाठ, तिकडे बसली तर घरात वर्षभर बोलणी. जेवायलाच जाऊ नये असं तिच्या मनात होतं. गावची लेक आणि गावचीच सून काल्याच्या दिवशी घरी बसणार म्हणजे काय, हे मला न सांगता कळलं.

त्या दिवसापासून मी ते पुस्तक सेमिनारसाठी वाचायचं थांबवलं आणि पंगतीसाठी वाचू लागले. उपाय त्यात भरपूर होते. जपानच्या राज्यकर्त्यांनी हुशार मुलांना आणि भिक्षूंना समुद्रापलीकडे चीनमध्ये पाठवलं. तिथं राज्य कसं चालतं ते बघून या म्हणाले. काही जण उमेदीची वर्षं तिथंच घालवून परत आले आणि मग दरबारात सल्लागार झाले. हे वाचून मला जरा हुरूप आला. मी पण समुद्र नाही तर निदान करंजी घाट ओलांडून गेलेली होते.

एका राजपुत्राने टोप्यांची युक्ती काढली होती. दरबारातल्या माणसांना पायऱ्या ठरवून दिल्या आणि प्रत्येक पायरीला वेगळ्या रंगाची टोपी. घराणं कोणतंही असो, टोपी राजाच्या हातून घ्यायची. पुढे तर त्यांनी सगळी जमीन आणि सगळी प्रजा राजाची असं जाहीर केलं. पण घराण्यांच्या प्रमुखांना हाकलून नाही दिलं. त्यांनाच अधिकारी नेमलं. कालपर्यंत जे काम बापाकडून आलं म्हणून करत होते, तेच आता राजाने दिलं म्हणून करायचं. मला हे फार आवडलं. कोणाचंच काही काढून घेतलं नाही, फक्त ते कुठून मिळालं एवढं बदललं.

सप्ताहाच्या बैठकीला दोन्ही वस्त्यांची माणसं शाळेच्या ओट्यावर जमली. देवळात वरचे यायला तयार नव्हते. चुलते आणि मामा समोरासमोर बसले होते. दोघं एकाच गावात जन्मलेले, पण सोयरिकीमुळे एकमेकांना पाव्हणं म्हणतात, आणि भांडण असलं की ते म्हणणं जास्त होतं.

"या पाव्हणं, वाट चुकला का?" चुलते म्हणाले.

"वाट न्हाई चुकलो पाव्हणं. मागच्या साली भाकर चुकली हुती, ती घावती का बघाय आलोय," मामा म्हणाले.

असं बराच वेळ चाललं. शेवटी कोणालाच पुढे जाता येईना तेव्हा चुलत्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आमची पोरगी नगरला कालिजात जाती. तिला इचारा."

"तुमची कशी? भाची हाय आमची," मामा म्हणाले. मग भांडण थोडा वेळ मी कोणाची यावर गेलं.

मी उभी राहिले. वर्गात बोलताना माझा आवाज बसतो, इथे तर सगळे माझे नातेवाईक होते. मी जपानपासून सुरुवात केली. टोप्यांचं सांगितलं तेव्हा मंडळी सावरून बसली, कारण टोपी हा विषय प्रत्येकाच्या डोक्यावर होता. मी म्हटलं, वाढणाऱ्यांना वस्तीप्रमाणे नाही, कामाप्रमाणे रंगीत टोप्या देऊ. आमटीला एक रंग, भाकरीला एक, पाण्याला एक.

"कोनता रंग?" मागून कोणीतरी विचारलं.

तिथे मी फसले. मी जो रंग म्हणेन तो कोणत्या ना कोणत्या पक्षाचा निघत होता. एका रंगाला इकडचे खाकरले, दुसऱ्याला तिकडचे. पिवळा म्हटला तर हळदीचा झाला. जपानात सर्वांत वरची टोपी जांभळी होती असं मी घाबरत सांगितलं.

"जांभळी टोपी घालून मी आमटी वाढू?" मामा म्हणाले. "लोक म्हनतील याला काय झालंया."

"तुमाला शोभन पाव्हणं," चुलते म्हणाले, आणि ओट्यावर पहिल्यांदा सगळे एकदम हसले. पांढरा रंग उरला, पण पांढरी टोपी तर सगळ्यांनी आधीच घातलेली होती. टोप्यांचं राज्य तिथंच बुडालं.

मी धीर करून दुसरी गोष्ट सांगितली. आधी जपानात राजा वारला की राजधानी हलायची. नवा राजा, नवं ठिकाण. त्यामुळे सत्ता एका जागी मुरतच नव्हती. मग त्यांनी मोकळ्या मैदानावर आखीव शहर वसवलं. सरळ रस्ते, चौकोनी पेठा, मधून एक रुंद राजमार्ग. घराण्यांच्या माणसांनी आपापली गावं सोडून तिथं येऊन राहायचं.

"पंगत ना खाली, ना वर," मी म्हटलं. "गायरानात बसवू. तिथं कोणाचंच देऊळ नाही. आणि कोणी काय करायचं ते एकाच माईकवरून पुकारायचं."

"आमटी आमचीच हाय," मामा म्हणाले. "ती आमाला देनारी तू कोन?"

"तुमचीच आहे मामा. फक्त सगळ्या गावासमोर तुमच्या वस्तीचं नाव घेऊन पुकारणार. आमटीचा मान वरच्या वस्तीचा, असं."

मामांनी विचारलं, "माईकवर?"

"माईकवर."

"आवाज वरच्या वस्तीपतोर जाईल असा लावा मंग," ते म्हणाले. चुलत्यांनी लगेच विचारलं की भाकरीचं आधी पुकारणार की आमटीचं. मी म्हटलं, दोन्ही एका वाक्यात. दोघांनी ते मान्य केलं. वडिलांनी मान हलवली. या वेळी ती होकाराचीच होती असं मला वाटलं.

काल्याच्या आदल्या दिवशी मी गायरानावर राजधानी आखली. पुस्तकातला नारा शहराचा नकाशा मोबाईलमध्ये होता. कबड्डीच्या मैदानाला वापरतात ती पांढरी फक्की आणली, दोरी धरायला चुलत बहिणींना घेतलं. उत्तरेला कीर्तनाचं व्यासपीठ आणि त्याच्या पुढे मानकऱ्यांची ओळ, नकाशात राजवाडा होता तिथे. मानकरी दक्षिणेकडे तोंड करून बसणार, म्हणजे पुढची सगळी पंगत त्यांच्या नजरेत राहील. तिकडचा राजा असाच बसायचा. व्यासपीठापासून दक्षिणेकडे रुंद राजमार्ग. त्याच्या दोन्ही अंगांना पूर्व-पश्चिम सरळ ओळी, दोन-दोन समोरासमोर, आधी पुरुषांच्या, खाली बायकांच्या. मंडपवाल्याने वर कापड बांधलं आणि खाली बघून विचारलं, "ताई, हितं काय प्लॉटिंग पडलंय का?" मला ती स्तुती वाटली.

दुसऱ्या दिवशी कीर्तन संपलं, दहीहंडी फुटली. मी माईकवरून आमटीचा मान आणि भाकरीचा मान एका श्वासात पुकारला. मामांनी टोपी सारखी केली, चुलत्यांनी मिशीवर हात फिरवला. माणसं आखलेल्या ओळींत शिरू लागली आणि तेव्हा मला माझी पहिली चूक दिसली. राजमार्ग मधून गेल्यामुळे वरची वस्ती पश्चिमेच्या पेठेत बसली आणि खालची पूर्वेच्या. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप. ओढा आटलेला होता, मी तो फक्कीने पुन्हा आखून दिला होता.

बायकांकडे पण तसंच. एका अंगाला माझ्या मामी आणि वरच्या सगळ्या, दुसऱ्या अंगाला माझ्या चुलत्या. राजमार्गाच्या बरोब्बर मध्ये आई उभी होती. हातात पाण्याची कळशी होती आणि ती दोन्हीकडे पाणी वाढत होती. पाणी वाढायला पोरं होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्हीकडचे पेले भरून झाले तरी ती भरलेल्या पेल्यांत थेंब थेंब ओतत राहिली, कारण कळशी खाली ठेवली की बसावं लागलं असतं. मला माईक हातात धरून काय करावं ते कळेना.

तेवढ्यात मानकऱ्यांच्या ओळीत गडबड झाली. माझ्या नकाशाप्रमाणे मामा आणि चुलते शेजारीशेजारी बसले होते. दोघांपुढे पत्रावळ आली, आणि दोघं एकदमच उठले.

"सूर्व्या कुठं उगावतो गं?" चुलत्यांनी मला विचारलं.

मी हात केला.

"मंग आमची तोंडं कुठं केलीस?"

मी मोबाईलमधला नकाशा पाहिला, मग त्यांची तोंडं पाहिली. दक्षिणेकडे तोंड करून जेवायचं नसतं. ते मला लहानपणापासून माहीत आहे, घरात ताट ठेवताना मीच दिशा बघते. पण नकाशावर दक्षिण नुसती खाली असते, तिच्याकडे तोंड करून कोणी जेवेल असं डोक्यात आलंच नाही.

"दक्षिणंला," मामा म्हणाले. "आन जित्या मानसांना."

"पाव्हणं म्हनत्यात ते खरं हाय," चुलते म्हणाले.

मागच्या काल्यापासून मामांचं एकही बोलणं चुलत्यांना खरं वाटलेलं नव्हतं.

"पण जपानचा राजा दक्षिणेकडेच तोंड करून बसायचा," मी म्हटलं. माझा आवाज माईकवर असल्यामुळे वरच्या वस्तीपर्यंत गेला.

"बसायचा का जेवायचा?" मामांनी विचारलं.

"बसायचा."

"मंग बसू दे त्याला. आमी जेवाय आलोय."

तोवर प्रत्येक जण आपली दिशा बघू लागला होता. ओळी समोरासमोर असल्यामुळे अर्धं गाव दक्षिणेकडे तोंड करून बसलेलं निघालं. दोन्ही वस्त्यांतलं अर्धं अर्धं. ते सगळे उठले. मग उरलेले पण उठले, कारण समोरची ओळ उठल्यावर एकटं बसायला बरं वाटत नाही. ऊन चढलं होतं, आमटी निवत होती. मामांनी आणि चुलत्यांनी दोघांनी मिळून सूत्रं हातात घेतली. "व्यासपीठाकडनं खाली धरा ओळी, तोंड पूर्वेला नाय तर पश्चिमंला," चुलते ओरडत होते आणि मामा माणसांना खांद्याला धरून बसवत होते. कोण कुठल्या वस्तीचा ते बघायला त्यांना वेळ नव्हता. पत्रावळी उचलून माणसं जागा दिसेल तिथे बसली. नव्या ओळी राजमार्गावरूनच गेल्या. पायांखाली माझी फक्की पुसली, आणि सगळ्यांच्या धोतरांना आणि लुगड्यांना लागली.

केंद्रीय सत्ता अशी उभी राहिलेली मी कोणत्याही पुस्तकात वाचली नाही. दोन घराण्यांचे प्रमुख एकत्र आले ते राजाच्या हुकमाने नाही, राजधानी चुकीची आखली म्हणून. सेमिनारमध्ये हे सांगावं की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही. सर म्हणतील संदर्भ कोणता.

मी माईक ठेवून बायकांच्या बाजूला गेले. तिथेही ओळी मोडून नव्या धरल्या होत्या. कळशी एका खांबापाशी होती, आई दिसेना. मग दिसली. ओळीच्या मध्येच बसली होती, एका बाजूला मामी आणि दुसऱ्या बाजूला माझी धाकटी चुलती. मामी म्हणत होत्या, "वन्सं, जरा सरका, माझी मांडी मोडली." आई म्हणाली, "कुठं सरकू वैनी, हिकडं जाऊबाई हायेत." धाकटी चुलती म्हणाली, "मला नका ढकलू, मी आधीच उन्हात हाय." तिघी तशाच चेपून बसल्या. आमटीची बादली आली तेव्हा आईने पुन्हा मागितली.

घरी जाताना ओढ्यात आई थांबली आणि तिने लुगड्यावरची फक्की झटकली. ती गेली नाही.

"कुठं बसलीस शेवटी?" मी विचारलं, दिसलेलं असूनसुद्धा.

"कुठं म्हंजी?" आई म्हणाली. "पंगतीत."